मुंबईच्या फ्लॅटमध्ये डार्ट फ्रॉग: बेडूक सगळ्यात शेवटी आणा

डार्ट फ्रॉग म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले छोटे, भडक रंगांचे, विषारी म्हणून प्रसिद्ध असलेले बेडूक. ते पाळायचं मनात आलं की बहुतेक जण बेडकापासूनच सुरुवात करतात. कुठे मिळेल, केवढ्याला मिळेल, निळा घ्यावा की पिवळा? मुंबईत हा क्रम उलटा पडतो. इथे हे बेडूक दगावतात ते प्रामुख्याने तीन कारणांनी: उकाडा, खाणं अचानक संपणं आणि घरातली फवारणी. तिन्हींचा बंदोबस्त बेडूक घरात यायच्या आधीच करावा लागतो. म्हणून आधी कागदपत्रं, मग थंडावा, मग काचेची टाकी, मग खाण्यासाठी फळमाश्यांची पैदास. हे सगळं दोन-तीन महिने बिनबोभाट चाललं की मग बेडूक.

विषाची भीती आधी काढून टाकू. या बेडकांच्या कातडीतलं विष ते स्वतः बनवत नाहीत. जंगलात खाल्लेल्या मुंग्या आणि माइट्समधून (कोळ्याच्या वर्गातले अगदी बारीक जीव) ते अंगात साठतं. बंदिस्त जागेत जन्मलेल्या आणि फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसतं. बाणांना विष लावायला कोलंबियातले आदिवासी वापरत ते फायलोबेट्स गटातले मोजके बेडूक, बाकीच्यांना नाव नुसतं चिकटलं आहे. तरीही बेडूक हातात घेऊ नका. आपल्या तळहाताचं मीठ, साबण, सॅनिटायझर हे सगळं त्याच्या ओल्या कातडीतून थेट आत जातं.

कागदपत्रं

डार्ट फ्रॉगच्या बहुतेक जाती साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले. असा प्राणी बाळगायचा तर नोंदणी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करायची आणि प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत अर्ज द्यायचा. पुढे पिल्लं झाली, बेडूक मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं.

व्यवहारात याचा अर्थ असा: विकणाऱ्याकडे स्वतःच्या नोंदणीचा कागद असला पाहिजे आणि बेडूक तुमच्या नावावर करून द्यायची त्याची तयारी असली पाहिजे. “कागद नंतर बघू” किंवा “एवढ्याशा बेडकाला कोण विचारतंय” असं कोणी म्हणालं की तिथून निघा. विमानातून सामानात दडवून आणलेले परदेशी प्राणी मुंबईच्या विमानतळावर वारंवार पकडले जातात. त्यातून निसटून बाजारात आलेला बेडूक बेकायदा तर असतोच, शिवाय प्रवासात उपाशी राहिलेला आणि बऱ्याचदा आजारी असतो. कायदेशीर, इथेच जन्मलेले डार्ट फ्रॉग आपल्याकडे कमी आहेत, त्यामुळे वाट बघायची तयारी ठेवा. त्या वेळात टाकी मुरते, हे काही वाईट नाही.

आणि जुलैत आरेत किंवा येऊरला दिसणारा बेडूक उचलून आणणं हा पर्याय कधीच नाही.

कोणती जात

नवख्यासाठी पहिली निवड डेंड्रोबेट्स ल्युकोमेलास, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला. हा मूळचा मुख्यतः व्हेनेझुएलाचा. तिथे कोरडा ऋतू असतो, त्यामुळे थोडा कोरडेपणा आणि थोडी ऊब हा इतरांपेक्षा बरी सोसतो. साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, गटात राहतो आणि नराचा आवाज लांबलचक, गोड शिळेसारखा असतो. दुसरा डेंड्रोबेट्स टिंक्टोरियस. हा चार-पाच सेंटीमीटरचा, धीट, दिवसभर समोर दिसणारा. पण याच्या माद्या एकमेकींशी भांडतात. वरवर मारामारी दिसत नाही, एक जण फक्त कोपऱ्यात दबून बसते आणि वाळत जाते. म्हणून टिंक्टोरियसची जोडीच ठेवा. हिरवा-काळा डेंड्रोबेट्स ऑराटस चिवट आहे, पण लाजरा. बराच वेळ पानाखालीच असतो.

रानिटोमेया गटातले अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक मोहात पाडतात. त्यांची पिल्लं इतकी बारीक असतात की त्यांना फळमाशीही मोठी पडते. ते दुसऱ्या टाकीसाठी राखून ठेवा. ऊफागा गटाच्या वाटेला सध्या जाऊच नका. त्यांची मादी डिंभांना (टॅडपोलना) स्वतःची न फळलेली अंडी खाऊ घालते आणि हे तंत्र बिघडलं की पिल्लं वाचत नाहीत.

नीट ठेवलेला बेडूक दहा-पंधरा वर्षं जगतो. घर बदलणं, नोकरी बदलणं, लग्न हे सगळं या काळात येऊ शकतं, त्याचा विचार आत्ताच करा.

उकाडा

मुंबईत खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

टाकीच्या आतलं तापमान २२ ते २६ अंशांत हवं. २८ पर्यंत गेलं तर काही तास निभावतं. ३० च्या वर बेडूक मरू शकतो आणि तेही एका दुपारीत. आता मुंबईकडे बघा. मे महिन्यात दिवसा ३३-३४ आणि रात्री २७ च्या आसपास. ऑक्टोबरची दुपार तशीच. पावसाळ्यात दिवसा ३० च्या आसपास. डिसेंबर ते फेब्रुवारीतही दुपारी पारा ३० च्या वर जातो, म्हणजे बिनएसीच्या खोलीत टाकी कधीच सुरक्षित राहत नाही. वर दिव्याची उष्णता एक-दोन अंशांची भर घालते.

पंखा लावून, ओलं फडकं टाकून, फवारा वाढवून भागेल असं वाटतं. कोरड्या हवेच्या गावात याने फरक पडतो, कारण पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. मुंबईची हवा आधीच ओलीने भरलेली असते, पाणी उडायला वावच मिळत नाही. मे महिन्यातल्या दमट दुपारी या पद्धतीची शेवटची मर्यादाच २६-२७ अंशांची असते आणि घरगुती सोयीने तुम्ही तिथवरही पोहोचत नाही. बर्फाची बाटली काचेवर ठेवली तर एक कोपरा गार होतो, दोन तासांनी बर्फ वितळतो आणि तापमान पुन्हा उसळी मारतं. असा चढउतार बेडकाला आणखी त्रास देतो.

तेव्हा एसी. २४ वर लावलेला, रोज चालणारा. १ टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला साधारण अर्धा ते एक युनिट खातो. तुमच्या बिलाच्या दराने महिन्याचा हिशोब आधीच मांडा. या छंदाचा सगळ्यात मोठा खर्च हाच आहे, बेडूक आणि टाकी त्यापुढे किरकोळ. तो झेपणार नसेल तर फक्त झाडांची टाकी करा. तीही तितकीच जीव लावते.

टाकीची जागा आतल्या भिंतीला. पश्चिमेची भिंत, खिडकीचा कट्टा, फ्रिजची पाठ आणि वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखालचा माळा टाळा. एसीचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नका, जाळीतून आतली ओल भराभर उडून जाते.

कमाल-किमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला. सेन्सर पानांच्या थराजवळ ठेवा, कारण बेडूक तिथे असतो. लॅमिंग्टन रोडवर एसटीसी-१००० नावाचा तापमान-कंट्रोलर सहज मिळतो. त्यावर टाकीचा दिवा लावा आणि २७ अंशांना दिवा आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. एसी बिघडला तर निदान दिव्याची भर पडत नाही. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ओल्या टाकीशेजारी उघड्या वायरी नकोत.

टाकी पूर्ण लागली की बेडूक नसतानाच महिनाभर रोजचं कमाल तापमान लिहून ठेवा, शक्यतो एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये. तीस दिवसांत एकदाही २७ ओलांडलं नाही तर पुढे जा.

वीज जाण्याचाही विचार हवा. मुंबईत वीज क्वचित जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या शहराची गेली होती आणि काही भागांत ती यायला बरेच तास लागले. झाकणाचा थर्मोकोलचा नवा डबा आणि फ्रीजरमध्ये दोन आइस पॅक कायम तयार ठेवा. मासळीबाजारातला वापरलेला डबा नको, खारं पाणी त्यात मुरलेलं असतं. वेळ आली की बेडूक ओल्या टिश्यू पेपरच्या छोट्या डब्यात घ्या, तो डबा थर्मोकोलमध्ये ठेवा, टॉवेलात गुंडाळलेला आइस पॅक बाजूला ठेवा आणि झाकण किंचित किलकिलं ठेवा. आतलं तापमान २३-२४ ला थांबलं पाहिजे, त्याहून गार नको.

टाकी

जोडीला किंवा तीन ल्युकोमेलासना ६० × ४५ × ४५ सेंटीमीटरची टाकी पुरते. क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत तयार टाक्या बहुधा वरून उघडणाऱ्या मिळतात. तुम्हाला दार समोर हवं. वरून हात आला की बेडूक शिकारी पक्षी आल्यासारखा दचकतो. म्हणून टाकी बनवून घ्या आणि कारागिराला हे कागदावर लिहून द्या: ५ मिमी काच, दाराखाली १२ सेंटीमीटरची पक्की पट्टी, त्या पट्टीच्या वर आणि छताच्या मागच्या बाजूला ५ सेंटीमीटर रुंद स्टीलची जाळी, बाकी छत काचेचं, तळाला निचऱ्यासाठी १२ मिमीचं भोक. खालून हवा आत आणि वरून बाहेर, असा प्रवाह मिळाला की समोरची काच धुरकट होत नाही.

जाळी मैद्याच्या चाळणीइतकी बारीक हवी. डासांच्या जाळीतून फळमाश्या आरामात बाहेर येतात आणि आठवडाभर तुमच्या चहात पडतात. सरकत्या दारांच्या दोन काचांमधली फट पारदर्शक पट्टीने बंद करा.

सिलिकॉन ॲक्वेरियमचंच. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन विषारी असतं. जोडल्यावर सात दिवस उघडी ठेवा, व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. मग निचऱ्याचं भोक बंद करून दाराच्या पट्टीपर्यंत पाणी भरा आणि २४ तास गळती बघा. हे टाळलं आणि माती भरल्यावर टाकी गळायला लागली, तर सगळं उपसावं लागतं.

तळाला ४ सेंटीमीटर मातीचे भाजलेले गोळे. नर्सरीत ते लेका किंवा हायड्रोटन नावाने मिळतात आणि या मापाच्या टाकीला ११ लिटर लागतात. त्यावर फायबरची मच्छरदाणीची जाळी, काठापर्यंत नीट बसवलेली. वर ६ सेंटीमीटर मिश्रण, म्हणजे १६ लिटर. त्याचं प्रमाण: नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, ऑर्किडसाठीची बारीक साल २ भाग, कोकोपीट १ भाग, स्फॅग्नम मॉस १ भाग, लाकडी कोळसा १ भाग. एक भाग म्हणजे साधारण सव्वादोन लिटर. अमेरिकेतल्या अटलांटा वनस्पती उद्यानाच्या प्रसिद्ध मिश्रणाचा हा आपल्याकडच्या सामानातला अवतार आहे. मूळ कृतीतलं ट्री फर्न इथे सहज मिळत नाही आणि सोडणाचे तुकडे ते काम करतात.

कोळसा इस्त्रीवाल्याकडचा लाकडी चालतो, वाटाण्याएवढा फोडून आणि धुऊन. दगडी कोळसा किंवा शेगडीसाठीच्या दाबलेल्या वड्या नकोत. कोकोपीटमध्ये मीठ असतं आणि बेडकाला ते सोसत नाही. विटेचं कोकोपीट बादलीत भिजवून तीन-चार पाण्यांतून पिळून काढा. शेवटच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) नळाच्या पाण्याच्या जवळपास आला की झालं. टीडीएस मीटर स्वस्त असतो, आणि पुढे पाण्यासाठीही लागतोच.

झाडांत मनी प्लांट, सिंगोनियम, फिटोनिया, भिंतीला फायकस प्युमिला आणि एक-दोन निओरेजेलिया ब्रोमेलियाड. नर्सरीतल्या झाडांवर कीटकनाशक हमखास मारलेलं असतं आणि काही औषधं पानाच्या आतही मुरतात. कुंडीतली माती पूर्ण धुऊन टाका, खताचे पांढरे-पिवळे दाणे एकेक करून काढा आणि झाड तीन-चार आठवडे साध्या कोकोपीटमध्ये वेगळं ठेवा.

सगळ्यात वर वाळलेली पानं, दोन-तीन सेंटीमीटरचा थर. यासाठी देशी बदामाच्या पानांना तोड नाही. हिवाळ्यात मुंबईच्या अनेक गल्ल्यांत ती लाल होऊन गळतात. गळलेलीच उचला, रस्त्याच्या कडेची नाही तर आवारातल्या झाडाची, जिथे फवारणी होत नाही अशा ठिकाणची. दहा-पंधरा मिनिटं उकळा, सावलीत वाळवा आणि डबाभर साठवून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी भर घालावी लागते. फणसाची आणि पेरूची पानंही चालतात. हा थर शोभेचा नाही. बेडूक त्यात लपतो, शिकार करतो, आणि लपायला भरपूर जागा असेल तरच तो धीटपणे बाहेर दिसतो.

पानं पडली की स्प्रिंगटेल सोडा. हे पांढरे, मिलिमीटरभराचे जीव बुरशी आणि विष्ठा खातात आणि पिल्लांचं खाणंही होतात. यांची पैदास सोपी आहे: झाकणाच्या डब्यात धुतलेला कोळसा, तळाला सेंटीमीटरभर पाणी, आठवड्याला शिजवलेल्या भाताची चार-पाच शितं. टाकीत घालायचे तेव्हा डब्यात पाणी ओता, ते वर तरंगतात, तेवढं पाणी पानांवर सोडा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टाकीतल्या लाकडावर पांढरी बुरशी चढते. घाबरून काही बदलू नका, स्प्रिंगटेल वाढले की ती जाते.

दिवा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनचा, टायमरवर १२ तास, छतापासून दोन-तीन सेंटीमीटर उचललेला.

पाणी

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांचं, म्हणजे मुळात पावसाचं, त्यामुळे हलकं असतं. अडचण क्लोरीनची, आणि सोसायटी त्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळते त्याची. टीडीएस बघा. अचानक वाढलेला दिसला तर समजा मिसळलं. टाकीतल्या फवाऱ्यासाठी आरओचं पाणी बरं, काचेवर डाग पडत नाहीत. पाण्याच्या बशीसाठी मात्र क्लोरीन काढलेलं नळाचंच पाणी, कारण त्यात थोडे क्षार हवेत. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतल्याची नोटीस लागली की दोन दिवस साठवलेलं पाणीच वापरा.

आर्द्रता ७० ते ९० टक्के. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा २०-३० सेकंदांचा फवारा. हाताच्या प्रेशर स्प्रेने सुरुवात करा. पुढे आरओ फिल्टरचा बूस्टर पंप आणि बारीक नोझल जोडून स्वस्तात यंत्रणा होते. टायमर मात्र सेकंदांचा घ्या. साधा पंधरा मिनिटांचा टायमर टाकीचं तळं करतो. पावसाळ्यात फवारे निम्मे करा. सकाळच्या फवाऱ्यानंतर दुपारपर्यंत पानांचे शेंडे कोरडे झालेच पाहिजेत. सतत चिंब टाकीत बेडकांच्या पोटाच्या कातडीला संसर्ग होतो.

माश्या

डार्ट फ्रॉग हलणारी, बारीक शिकारच खातो. मेलेले किडे, पेलेट, काही चालत नाही. म्हणजे तुम्ही खरं तर माश्या पाळणार आहात आणि त्यांच्यावर बेडूक. उडता न येणाऱ्या फळमाश्यांच्या दोन जाती वापरतात: मेलानोगॅस्टर, दोन-अडीच मिमी, १०-१४ दिवसांत नवी पिढी, आणि हायडेई, तीन मिमीच्या आसपास, तीन-चार आठवडे. सुरुवात मेलानोगॅस्टरने.

खाद्यासाठी आपल्याकडच्या प्रयोगशाळांमध्ये रुळलेली रव्या-गुळाची कृती घरी उत्तम चालते. एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा आणि १० ग्रॅम अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास. प्रयोगशाळेत बुरशी टाळायला त्यात साडेसात मिली प्रोपिऑनिक ॲसिड घालतात. ते जळजळीत रसायन आहे, स्वयंपाकघरात नको. त्याऐवजी एक लिटरपैकी १०० मिली पाण्याच्या जागी पांढरं व्हिनेगर घ्या. गूळ आणि चायना ग्रास पाण्यात विरघळवा, रवा हळूहळू सोडत ढवळा, सैलसर शिऱ्याइतकं झालं की गॅस बंद, मग व्हिनेगर. अर्धा-एक लिटरच्या धुतलेल्या बरण्यांत प्रत्येकी १०० मिली ओता, दहा बरण्या होतात. पूर्ण गार झाल्यावर वर यीस्टची चिमूट. गरम असताना टाकलं तर यीस्ट मरतं आणि बुरशी पुढे जाते. आत उभी राहतील अशी कागदाची गुंडाळी किंवा लाकडाचा भुसा, माश्यांना चढायला. ५०-६० माश्या सोडा, तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड आणि रबर. बरणीवर तारीख.

दर रविवारी दोन नव्या बरण्या, बेडूक दोन असले तरी. एक बिघडली तर दुसरी असते. महिन्याने जुनी बरणी फेकायची, त्यात कितीही माश्या दिसल्या तरी. जुन्या बरणीत माइट्स होतात आणि बाकीच्यांत पसरतात.

मुंबईत इथे चार गोष्टी बिघडतात. पहिली उष्णता: ३० अंशांच्या आसपास नर माश्या वांझ होतात आणि बरणीत पुढची पिढीच दिसत नाही. दुसरी, खुरट्या पंखांच्या वेस्टिजियल वाणात उष्णतेने पंख जवळजवळ पूर्ण वाढतात आणि माश्या उडायला लागतात. त्यामुळे बरण्याही एसीच्याच खोलीत हव्यात, किंवा मुळात बिनपंखांचा वाण घ्यावा. तिसरी, रानटी माश्या. आंब्याच्या दिवसांत घरात त्या असतातच. एक जरी बरणीत शिरली तरी पुढच्या पिढीत उडणाऱ्या निघतात, कारण पंख नसण्याचा गुण अप्रभावी असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. बरणीत एकही माशी उडताना दिसली की ती बरणी फ्रीजरमध्ये टाकून संपवा, त्यातून नवी लावू नका. चौथी, मुंग्या. त्यांना गुळाचा वास चाळीतल्या चौथ्या घरातून येतो. बरण्यांचा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा.

माश्या रोज भुकटी लावून द्यायच्या. नुसत्या माश्यांत कॅल्शियम फार कमी असतं. कॅल्शियम, डी-३ आणि जीवनसत्त्व अ एकत्र असलेली रेपाशी कॅल्शियम प्लससारखी भुकटी ग्लासात चिमूटभर घ्या, माश्या झटकून आत पाडा, ग्लास फिरवा, पांढऱ्या झालेल्या माश्या टाकीत सोडा. डबा उघडल्यावर सहा महिन्यांनी बदला. इथल्या दमट हवेत ती लवकर खराब होते, म्हणून घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. भुकटी चुकली की आधी जीभ शिकारीवर बसेनाशी होते, मग पाय थरथरतात.

मोठ्या बेडकाला एक दिवसाआड ३०-५० मेलानोगॅस्टर, वाढत्या पिल्लाला रोज. तासाभरात संपतील इतक्याच. उरलेल्या माश्या रात्री बेडकाच्या अंगावर फिरतात आणि त्याला ताण देतात. खाताना नीट बघा: टिंक्टोरियस माशीकडे वळतो, थांबतो आणि मागच्या पायाचं लांब बोट टिपटिप आपटायला लागतो, मग पुढे झेपावतो. ती टिपटिप रोज दिसणं हे तब्येतीचं सगळ्यात भरवशाचं लक्षण. वरून पाहताना कमरेची हाडं किंवा पाठीचा कणा उठून दिसला तर बेडूक खंगतोय.

धूर, फवारा, फिनेल

बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. टाकीच्या खोलीत डास मारायची वडी, लिक्विड मशीन, झुरळांचा स्प्रे, कापूर, धूप, उदबत्ती, रूम फ्रेशनर काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर टाकी दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात डासांसाठी धुराची फवारणी आली की खिडक्या बंद करा, टाकीच्या जाळ्यांवर ओला रुमाल टाका आणि तासाभराने काढा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, शेजाऱ्याचं रंगकाम, दिवाळीचे फटाके यांचेही दिवस आधी कळून घ्या. माश्यांच्या बरण्या इथे उपयोगी पडतात: एका सकाळी बरणीतल्या माश्या उताण्या पडलेल्या दिसल्या, तर हवेत काहीतरी आलं आहे. बेडूक लगेच दुसरीकडे हलवा.

बेडूक आल्यावर

चार-सहा महिन्यांची, नीट खाणारी पिल्लं घ्या. विकणाऱ्याला समोर खाऊ घालायला सांगा. घरी आणल्यावर थेट टाकीत नाही. ६० दिवस वेगळं: झाकणाला बारीक भोकं असलेला प्लास्टिकचा डबा, तळाला ओला बिनवासाचा टिश्यू, दोन मनी प्लांटची पानं, लपायला करवंटी. टिश्यू दोन-तीन दिवसांनी बदला. या काळात विष्ठा तपासून घ्या आणि बेडकांचा जीव घेणाऱ्या कायट्रिड बुरशीची चाचणी शक्य असेल तर करा. बेडकांवर उपचार करणारा पशुवैद्य बेडूक यायच्या आधीच शोधून ठेवा.

टाकीतलं पाणी, जुनी माती, झाडं बाहेर बागेत किंवा नाल्यात कधीही टाकू नका. पश्चिम घाटातल्या बेडकांमध्येही कायट्रिड आढळलेली आहे, तिथे आपण भर घालायची नाही. पाण्यात ब्लीच घालून तासाभराने ते संडासात ओता, माती पिशवी बांधून कचऱ्यात.

बेडूक दिवसभर पाण्याच्या बशीत बसून राहिला, पाय पसरून पडला, तर आधी थर्मामीटर बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. दोन दिवस काही खाल्लं नाही तर वजन करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा ठेवा आणि महिन्यातून एकदा डब्यासकट वजन लिहा.

अंड्यांची घाई नको. बेडूक वर्षाचे झाले की अर्ध्या करवंटीला दार पाडून काचेच्या छोट्या बशीवर पालथी घाला, जोडी असेल तर अंडी तिथेच घालतात.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावाला जायचं झालं, तर धष्टपुष्ट मोठे बेडूक चार-पाच दिवस नव्या माश्यांशिवाय काढतात, टाकीत स्प्रिंगटेल भरपूर असतील तर. निघण्याच्या आदल्या दिवशी भरपेट खाऊ घाला, फवाऱ्याचं पाणी भरून ठेवा. एसी मात्र चालूच राहायला हवा. शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि त्यांना एकच काम सांगा: रोज दुपारी तीन वाजता थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. आकडा २७ च्या वर दिसला तर काय करायचं, कोणता डबा कुठे आहे, हे थर्मोकोलच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.